यंदाच्या पताका माझ्या हातच्या

४ मे, सोमवार

निवृत्त झालो त्या दिवशी लेकीने ही डायरी दिली होती. "बाबा, मनातलं लिहीत जा," म्हणाली. मनातलं लिहायचं तर आधी मनात काहीतरी साचावं लागतं. माझं सगळं तोंडावाटे निघून जातं आणि ऐकायला ही असते. पण आज आमचं बोलणं बंद आहे, म्हणून डायरीवरची धूळ झटकली.

झालं असं. राष्ट्रदिन तोंडावर आलाय. आमच्या इमारतीत त्या दिवसाची सजावट आणि मुलांचा खाऊ हे खातं वर्षानुवर्षं हिच्याकडे आहे. आवारातली पोरं हिला झेंडाकाकूच म्हणतात. आणि नेमकी ही गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडली. उंबरा म्हणजे काय, बोटभर उंचीची लाकडी पट्टी! लग्न होऊन आली तेव्हापासून ओलांडतेय. म्हणाली, "पाय जमिनीला चिकटल्यासारखा झाला." डावं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

संध्याकाळी कमिटीची बैठक होती. चौथ्या मजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, "यंदा सगळं तयार मागवू. माळा मिळतात, खाऊची पाकिटं मिळतात. वहिनींना जरा विश्रांती." मी जोरात मान डोलावली. तर ही उभी राहून म्हणते, "काही मागवायचं नाही. सगळं घरीच होईल. हे करतील."

हे म्हणजे मी! जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी. माझ्या हातात पाना शोभतो, कागदाची फुलं नाहीत. सगळे खो खो हसले. वकीलबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी हिच्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणून खाली बसल्या. वकीलबाई एका शब्दात माघार घेतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. पाणी मुरतंय कुठेतरी.

घरी आल्यावर म्हटलं, "मला विचारायचं तरी!" त्यावर ही काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. "काय?" म्हटलं. पुन्हा बोलली. पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा विचारल्यावर पाठ फिरवून झोपली. आता यात माझा काय दोष?

६ मे, बुधवार

पहिला धडा पताकांचा. झेंड्यात आमच्या रंग दोनच, लाल आणि पांढरा, तेवढं एक बरं आहे. जुन्या पांढऱ्या चादरी काढल्या. त्यांतल्या अर्ध्या लाल रंगात बुडवायच्या होत्या. ही खुर्चीत बसून हुकूम सोडत होती, मी बादलीसमोर उकिडवा. "मीठ टाका पाण्यात. रंग धरतो." टाकलं. "ढवळत राहा, नाहीतर डाग पडतात." ढवळलं. माझी बनियन, कोपर आणि बाथरूमची एक भिंत झेंड्याच्या रंगाची झाली. चादर मात्र एकसारखी रंगली. दोरीवर वाळत घातली तेव्हा मी जरा लांब जाऊन बघितलं. छान दिसत होती. हिला सांगितलं नाही.

दुपारी ही वकीलबाईंबरोबर बाहेर गेली. "कुठे?" तर "लोकर आणायला." मे महिन्यात लोकर! आणि एक हात प्लास्टरमध्ये असताना विणणार कशी?  दोघी मिळून माझ्याविरुद्ध काहीतरी शिजवतायत एवढं मला कळतं. ऐन वेळी तयार माळा येतील आणि मी उताणा पडेन.

लोकर आणली नाही. "रंग मिळाला नाही," म्हणाली.

९ मे, शनिवार

शिलाई मशीन हे यंत्र आहे, ही गोष्ट इतकी वर्षं माझ्यापासून का लपवून ठेवली गेली? मी ते कपड्यांचं काहीतरी समजत होतो. आज उघडलं. आत दट्ट्या, दांडा, चाक, सगळं माझ्या ओळखीचं. तेल दिलं, बॉबिनखालचा गुंता काढला. आता कसं लोण्यासारखं चालतंय.

शिवण मात्र वेगळी गोष्ट आहे. त्रिकोण कापायचा, दुमडायचा, वरची कड पट्टीत घालून टीप मारायची. माझी पहिली टीप दारू प्यायल्यासारखी गेली. ही म्हणाली, "कापड ओढू नका. मशीन नेतं, आपण फक्त वाट दाखवायची." मग जमलं. संध्याकाळपर्यंत गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरेल एवढी माळ झाली. सगळे त्रिकोण एका मापाचे. एक उलटा लागलाय. हिने लगेच बघितला, मी म्हटलं तो मुद्दाम आहे.

हिचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं चाळवत होती, हातात गोळी धरून वळत असल्यासारखी. अस्वस्थ आहे बिचारी. इतकी वर्षं जे काम स्वतः केलं ते दुसऱ्याला करताना बघायचं म्हणजे हात शिवशिवणारच. मी म्हटलं, "बस आता शांत. जमतंय मला." तिने हात पदराखाली घेतला.

१० मे, रविवार

आता ही हात धुऊन माझ्या मागे लागली आहे. सकाळी म्हणते, "शिकतच आहात तर भातही लावायला शिका." पताकांचा आणि भाताचा काय संबंध? "अहो, हात बरा होईपर्यंत तरी." म्हणून भात लावला. मग भाजी. मग कपाटात काय कुठे असतं, दूधवाल्याला कधी नाही म्हणायचं, हिवाळ्याच्या रजया कुठल्या ट्रंकेत आहेत. हिवाळ्याच्या रजया! मी म्हटलं, "मनगट जोडायला काय वर्ष लागणार आहे?" ती हसली.

लेकीचा फोन आला. आमची चिऊ दूरच्या शहरात नोकरी करते. म्हणाली, "बाबा, आई इतकी हळू का बोलते? कुजबुजल्यासारखी?" म्हटलं, "तुझा फोन बदल." पण मनात चमकलं. मलाही हिचं बोलणं ऐकू येत नाही. टीव्ही नीट ऐकू येतो, वकीलबाई तर दोन मजले वरून ऐकू येतात. पण बारीक आवाज निसटत असेल कानातून. लिफ्टच्या मोटरींशेजारी आयुष्य गेलं, कान जायचेच. हिला बोलून दाखवणार नाही. गुपचूप तपासून घेईन.

१३ मे, बुधवार

आजचा दिवस आइसकांड्यांचा. खाली लाल, वर पांढरा असा झेंडा करायचा. लाल म्हणजे कलिंगडाचा गाळलेला रस, पांढरं म्हणजे साखर घातलेलं दही. सोपं वाटलं. मी साच्यात आधी रस ओतला, वरून दही ओतलं, काड्या खोचल्या आणि फ्रीजरमध्ये ठेवलं. ही दारातून बघत होती.

संध्याकाळी काढल्या तर सगळ्या एकजात गुलाबी! वकीलबाई आल्या होत्या. एक चाटून बघितली आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा कुठल्या देशाचा झेंडा?" आणि हिच्या खांद्यावर हात ठेवून दोघी हसल्या. आवाज हिचा कमीच, पण खूप दिवसांनी इतकी हसली. मला राग यायला हवा होता. आला नाही.

"पहिला थर गोठल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही," ही म्हणाली. "आधी का नाही सांगितलंस?" "सांगितलं असतं तर उद्या विसरला असता. आता जन्मात विसरणार नाही."

हे मात्र खरं.

आजही बुधवार, आजही दोघी दुपारी बाहेर. विचारलंसुद्धा नाही.

१५ मे, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. घरी सांगितलं, कार्डशीट आणायला चाललोय. मुलीच्या वयाची डॉक्टरीण. काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी जीव कानात आणून बटणं दाबली. शेवटी ती म्हणाली, "काका, तुमच्या वयाला इतके चांगले कान क्वचित बघायला मिळतात. मोटरींच्या कामात होतात म्हणता आणि तरीही!" मी म्हटलं, "पण बायकोचं बोलणं ऐकू येत नाही." ती हसली. "सगळेच नवरे असं म्हणतात." मग म्हणाली, "घरी त्यांना मोठ्याने बोलायला सांगून बघा. तेवढ्याने नाही भागलं तर त्यांनाही एकदा घेऊन या."

मी उडतच घरी. दारातूनच ओरडलो, "ऐकलंस का! कान ठणठणीत आहेत माझे! तूच हळू बोलतेस!"

ही कागदी तारे कापत होती, म्हणजे मी कापलेल्या ताऱ्यांच्या कडा नीट करत होती. कात्री खाली ठेवली. चेहरा उतरला एकदम. "कानाच्या डॉक्टरकडे गेला होतात?" म्हणाली. "माझ्यामुळे?" वाद हरला की माणसाचं तोंड असंच होतं. पण मग उठली, माझ्याजवळ आली आणि उजव्या हाताने माझी कॉलर नीट केली. बराच वेळ करत होती. नीटच होती ती.

कार्डशीट आणायचं राहिलं.

१८ मे, सोमवार

बिस्किटं. पीठ मळून, लाटून, ताऱ्याच्या साच्याने कापायची, भाजायची, गार झाली की वर पांढरं आयसिंग आणि लाल साखरेचे दाणे. मळणं जमलं. लाटताना ही म्हणाली, "कडेला जोर कमी." जमलं. ओव्हनमध्ये ठेवली. मी अंघोळीला गेलो. ही ओव्हनशेजारीच खुर्चीवर बसलेली. बाहेर आलो तर घरभर धूर, आणि ही शांतपणे कागदाचे पंखे दुमडतेय!

"अगं, वास नाही आला?"

तिने ओव्हनकडे बघितलं. जणू आत्ताच तो तिथे उगवला. मग म्हणाली, "तुम्हाला घड्याळ लावायची सवय लागावी म्हणून गप्प बसले."

आहे की नाही कमाल? कोळसा झाला सगळा. पण तिची शिकवायची पद्धतच तशी आहे. दुसरा घाणा घड्याळ लावून केला. कडा जरा लाल, मधे पांढरट. पहिल्या मजल्यावरची पोरं वासाने वर आली आणि तुटकी बिस्किटं पळवून नेली. एकाने विचारलं, "झेंडाकाकूंनी केली?" म्हटलं, "मी केली." विश्वास ठेवला नाही.

२० मे, बुधवार

काचेच्या बरण्यांना लाल पातळ कागद चिकटवतोय. आत दिवा ठेवला की कंदील. डिंक पातळ लागतो, ब्रशने एकदाच फिरवायचा, पुन्हा पुन्हा फिरवलं की कागद फाटतो. हे मला कुणी सांगितलं नाही, मला स्वतःला सुचलं. माझी प्रगती आहे.

काम करताना मान वर केली तर ही दारात उभी. एक पाय उंबऱ्याशी, पुढे येत नव्हती.

"ये ना आत."

"येते."

"मग ये की. काय बघतेस?"

"तुमचं काम बघतेय," म्हणाली. "छान करताय."

इतकी वर्षं संसार झाला, पण "छान करताय" हे पहिल्यांदा ऐकलं असेल. मी लाजून पुन्हा बरणीत डोकं घातलं. पुन्हा वर बघितलं तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली होती.

दुपारी वकीलबाई घ्यायला आल्या. आज ही निघताना म्हणाली, "उशीर झाला तर भात लावून ठेवा." मी लावला. मोकळा झाला.

२२ मे, शुक्रवार

आज लिहवत नाही.

२३ मे, शनिवार

लिहितो.

काल सकाळी मी मजेत होतो. सगळ्या माळा तयार, पंखे तयार, तारे दोऱ्यात ओवलेले. साच्यांत लाल थर गोठत ठेवला होता. मी हिला म्हटलं, "पुढच्या वर्षी तुझा हात बरा झाला की तुझं खातं तुला परत. मी सुटलो बाबा!"

ही म्हणाली, "पुढच्या वर्षीही तुम्हीच करा."

"का? इतकं आवडलं होय माझं काम?"

तेव्हा तिने उजवा हात पदराखालून काढला आणि टेबलावर ठेवला. नुसता ठेवला. आणि तो हलत होता. ती हलवत नव्हती, तो हलत होता. अंगठा बोटांवर फिरत होता, आपोआप. लिफ्ट वरच्या मजल्यावर थांबल्यावरसुद्धा मोटर आत घरघरत राहते ना, तसा. मी तो हात धरला. माझ्या हातात तो थांबला. सोडला, पुन्हा सुरू.

"पार्किन्सन म्हणतात," ती म्हणाली. "हिवाळ्यापासून माहीत आहे मला. पाय अडकतात, आवाज बसतो, वास येत नाही. मारत नाही लगेच. हळूहळू चालतं. औषध आहे, व्यायाम आहे. दर बुधवारी त्यासाठीच जाते."

मी काय बोललो ते लिहीत नाही. चांगलं नव्हतं. मला न सांगता, वकीलबाईंना आधी, असं काहीबाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता. घाबरलेल्या माणसाला काही शिकवता येत नाही. माझ्यावर चिडून तुम्ही किती भराभर शिकलात बघा. भात लावता, शिवता, घड्याळ लावून बिस्किटं भाजता. मला ते हवं होतं. दयेने शिकला असता तर रोज रडत शिकला असता."

मी उठून सरळ चौथ्या मजल्यावर गेलो. वकीलबाईंनी दार उघडलं. माझ्याकडे बघून त्यांना कळलं.

"सांगितलं वाटतं," म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला..."

"भाऊजी, माझ्या आईला होता हा आजार. वहिनी जिन्यात अडकलेल्या दिसल्या तेव्हाच मी ओळखलं. दर वेळी गाडीत त्यांच्या मागे लागत होते, आता तरी सांगा म्हणून. त्या एकच म्हणायच्या, पताका होऊ देत." मग त्यांनी मला आत बसवलं आणि पाणी दिलं. "आई माझी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. भांडत, हसत, पत्ते खेळत. आम्ही तिला खुर्चीत बसवून ठेवलं ती आमची चूक. तुम्ही बसवून ठेवू नका."

इतके दिवस मी या बाईला काय काय म्हटलं ते वर लिहिलेलं आहेच. खोडणार नाही.

खाली आलो. हिला म्हटलं, "आता कसला राष्ट्रदिन न् काय. कमिटीला सांगतो, मागवा काय मागवायचं ते."

"साच्यांत पांढरा थर ओतायचा राहिलाय," ती म्हणाली.

मी फोन हातात घेतला.

"अहो, लाल गोठून दगड झाला असेल. मग पांढरा चिकटत नाही. जा लवकर."

गेलो. ओतला. थोडं दही सांडलं. पण रेघ सरळ आली.

आज सकाळपासून तिच्याकडे चोरून बघतोय. तिने पकडलं. "असं आजाऱ्यासारखं बघू नका हो माझ्याकडे." म्हटलं, "मग कसं बघू?" "उलटी पताका सापडल्यासारखं." 

२४ मे, रविवार

आवार सजलं. शिडीवर मी, खाली सगळी इमारत बोटं दाखवायला. "डावीकडे!" "नाही हो, उजवीकडे!" ही खालून हात वर करून दाखवायची, किती ताणायची ते. तिचं ऐकू येत नव्हतं म्हणून वकीलबाई तिच्या शेजारी उभ्या राहून तिचं बोलणं माझ्यापर्यंत पोचवत होत्या. "वहिनी म्हणतात, मधे पोट आलंय!" "माझं की माळेचं?" "दोघांचं!" 

तळमजल्यापासून गच्चीपर्यंत लाल-पांढरं. पंखे दारांवर, तारे जिन्याच्या कठड्याला, बरण्यांचे कंदील टेबलावर. वाऱ्याने सगळं हललं की आवार जिवंत असल्यासारखं वाटतं.

दुपारी हिने चिऊला फोन लावला आणि सगळं स्वतः सांगितलं. मी गॅलरीत उभा होतो. चिऊ मग माझ्याशी बोलली. रडली. मग विचारलं, "बाबा, तुम्ही करू शकाल सगळं?" मी म्हटलं, "भात मोकळा होतो माझा." ती रडता रडता हसली. पुढच्या महिन्यात रजा टाकून येतेय.

२५ मे, सोमवार. राष्ट्रदिन.

हे मात्र नीट लिहून ठेवतो.

ऊन सकाळपासून कडक. आवारात सगळी जमलेली. मी खाऊच्या टेबलाशी. कलिंगडाचे तारे परातीत, बिस्किटं ताटांत, आइसकांड्या बर्फाच्या पेटीत झाकून. शाळेतल्या मुलांचं बँडपथक यायचं होतं. शेजारच्या रस्त्यावरची शाळा, ढोल, ताशे, दोन बिगुल. ते आले की झेंडा चढवायचा आणि मग खाऊ. झेंड्याची दोरी दरवर्षी इमारतीतलं कुणीतरी ओढतं. यंदा कमिटीने हिचं नाव ठरवलं होतं. ती नको म्हणाली नाही.

ही तयार होऊन जिना उतरली. लाल काठाची पांढरी साडी, प्लास्टरवर पोरांनी तारा चिकटवलेला. जिन्याच्या दारापर्यंत आली. आणि तिथे अडकली.

मी लांबून बघितलं आणि मला कळलं. आता मला कळतं. एक पाय दाराच्या चौकटीशी, शरीर पुढे, पाय मागे. लोकांना वाटलं ती आवार बघत उभी आहे. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "या, काकू!" ती हसली, पण पाय उचलला नाही.  हातातली परात ठेवून मी धावणार तेवढ्यात वकीलबाईंनी माझं मनगट धरलं. "थांबा. ओढू नका. पडतील त्या." मग काय करायचं? त्यांनाही माहीत नव्हतं. दोघं तसेच उभे. सगळं आवार हळूहळू शांत होत गेलं. लोकांच्या लक्षात यायला लागलं काहीतरी. ती शांतता मला नको होती. तिला तर मुळीच नको असणार.

आणि फाटकाबाहेर ढोल वाजला.

धम, धम, धम. पथक आत येत होतं. पुढे ढोलवाली मुलगी, घामाने डबडबलेली, गाल फुगवून, काय चाललंय याचा तिला पत्ता नाही. संचलनाचा साधा ठेका. डावा, उजवा, डावा, उजवा. मी हिच्या पायांकडेच बघत होतो. तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. मग टाच उचलली. आणि मग ती चालायला लागली!

नुसती चालली नाही. ठेक्यावर चालली. डावा, उजवा. पाय उचलून, जमिनीवर टाकून, शाळेतल्या पोरीसारखी. चौकट ओलांडून, पताकांखालून, सगळ्यांच्या मधून, पथकाच्या पुढे पुढे. लोकांना वाटलं ती गंमत करतेय. पोरांनी जल्लोष केला आणि तीही तिच्या मागे तालात चालायला लागली. वकीलबाई माझं मनगट सोडायला विसरल्या होत्या. नखं रुतली होती माझ्या हातात. त्यांच्या डोळ्यांना धारा. म्हणाल्या, "ऊन फार आहे." मी म्हटलं, "हो, फार आहे."

दोरी तिने उजव्या हाताने ओढली. हलणारा हात हलत्या दोरीवर, कुणाला काही कळलं नाही. झेंडा वर गेला. सगळ्यांनी मान वर केली. मी तिच्याकडे बघत होतो.

मग खाऊवर झुंबड. रेघ सगळ्या आइसकांड्यांची सरळ होती. दहा मिनिटांत परात साफ, ताटं साफ. एका आजीने मला विचारलं, "बिस्किटं कुठल्या बेकरीची?" मी उत्तर द्यायच्या आत ही म्हणाली, "आमच्या यांची." हळूच म्हणाली. पण मी ऐकलं.

ढोलाचं असं का झालं ते मला माहीत नाही. बुधवारी मी जाणार आहे तिच्याबरोबर. डॉक्टरांना विचारीन.

२६ मे, मंगळवार

सकाळी चहा केला. ही पलंगावर उठून बसली होती. पाय खाली सोडलेले, जमिनीकडे बघत.

"अडकलेत?"

"हं."

 मी स्वयंपाकघरात गेलो, पिठाचा रिकामा डबा उचलला, एक पळी घेतली आणि परत आलो. 

"काय करताय?"

"ऊठ. डावा पाय आधी."

वाजवलं. धम, धम, धम. डब्याचा आवाज ढोलासारखा नव्हता, पत्र्यासारखाच होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी आपटली. वरून वकीलबाईंचा आवाज, "भाऊजी, सकाळी सकाळी काय हे!" आणि लगेच, काही कळल्यासारखा, "वाजवा, वाजवा! जोरात!"

ही उठली. एक पाय, दुसरा पाय. पलंगापासून दारापर्यंत. दारापासून उंबऱ्यापर्यंत. मी मागे मागे डबा बडवत, बनियनवर, चष्मा कपाळावर. उंबरा ओलांडला. स्वयंपाकघरातून गॅलरीत गेली, कठड्याला हात लावला, वळली आणि माझ्याकडे बघत परत यायला लागली. हसत होती.

परत येताना तिचं एकही पाऊल चुकलं नाही. ताल चुकला तो माझा.